सोनाबाईच्या दारातला दगड

तुम्ही काय काम करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, "मेलेल्या जनावरांच्या नकला करत होतो." विचारणारा जरा मागे सरकतो. मग त्याला बसवून घ्यावं लागतं आणि पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. निवृत्त माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

कुपवाडला आमचा छोटा कारखाना होता. शाळा-कॉलेजांना लागणारे नमुने आम्ही प्लॅस्टरमध्ये करायचो. एका शेडमध्ये माणसाचं काळीज, डोळा, दाढा. दुसऱ्या शेडमध्ये मी, आणि माझ्याभोवती कोट्यवधी वर्षांपूर्वी मरून दगड झालेले शंख, मासे, पानं. आमचं घराणं पिढीजात गणपती करणारं. साचा हातात धरूनच मी मोठा झालो. नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले, "देव करायचं सोडून हाडं करायला निघाला!" पण पगार महिन्याच्या महिन्याला मिळायला लागल्यावर तेही गप्प बसले. गणपती वर्षातून एकदाच येतो, परीक्षा दोनदा येते.

आता हे शंख कॉलेजवाले आमच्याकडून का घेत? कारण आपल्याकडे ते मिळत नाहीत. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जमीन कुठेही खणा, काळा कातळ लागणार. तो सगळा लाव्हा. आग ओकून झालेल्या दगडात जनावरं कुठून सापडायची? ती सापडतात कच्छात, तमिळ मुलखात, हिमालयात. तिथून अस्सल नमुने आणायचे तर कॉलेजचं वर्षाचं अनुदान एका सहलीत संपायचं. म्हणून एक अस्सल कुठून तरी मिळवायचा आणि त्याच्या नकला करायच्या. त्या मी करायचो, आणि बऱ्या करायचो. एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी मला पत्र पाठवलं होतं की तुमचा नमुना फारच शाबूत दिसतो, मुलांना खरा वाटत नाही, तर पुढच्या खेपेला एखादा कोपरा फोडून पाठवा. मी फोडून पाठवला. साताऱ्याच्या एका शाळेत सुभेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ व्यवस्था बघायचे. त्यांनी माझा शंख कपाटात न ठेवता शाळेच्या दारावर खिळ्यांनी ठोकला आणि दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली. मी बिचकत म्हणालो, "साहेब, हा समुद्रातला प्राणी आहे." ते म्हणाले, "असू दे. शिस्तीत गुंडाळलेला आहे."

ते खोटं बोलत नव्हते. या जातीच्या शंखांना अमोनाइट म्हणतात. त्यातला मला सगळ्यात आवडणारा पेरिस्फिंक्टिस. नाव अवघड आहे, पण जनावर सरळ होतं. आजच्या माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, लांबचा चुलता म्हणा. वेटोळ्या शंखाच्या शेवटच्या खोलीत राहायचं, अंग वाढलं की पुढे नवी खोली बांधायची आणि मागची बंद करून टाकायची. शंखावर बारीक बरगड्या असतात, आणि प्रत्येक बरगडी आतून निघून बाहेरच्या कडेला जाता जाता दुभंगते, एकीच्या दोन होतात. साचा करणाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते. दुभंगण्याची जागा पुसट आली की नक्कल मेली.

अशा बारीक कामाला प्लॅस्टरचा कडक साचा चालत नाही, तो खाचेत अडकतो. तेव्हा आम्ही सरसाचा साचा करायचो. सुताराकडे असतो तोच सरस, जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला. तो पाण्यात भिजवायचा, ऊन करायचा आणि तेलाचा हात दिलेल्या दगडावर ओतायचा. निवला की जेलीसारखा होतो आणि खाचांतून अलगद सुटून येतो. वास मात्र असा की जेवणाचा डबा दुसऱ्या शेडमध्ये जाऊन खावा लागे. गणपतीच्या कामाला आमच्या घरी सरस शिवू द्यायचे नाहीत, डिंक वापरायचे. देवाला हाड-कातडं नको, हा आजोबांचा दंडक. कारखान्यातल्या शंखांना असली काही अडचण नव्हती.

अडचण आली ती एकदाच, आणि तीच सांगायला बसलोय.

बहात्तरचा दुष्काळ हटून दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळी नुकतीच उरकली होती. एक ताठ, मिशाळ माणूस खाकी पिशवी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. पायात फौजी बूट. पिशवीतून त्यानं मफलरीत गुंडाळलेला काळा दगड काढला आणि टेबलावर ठेवला. माझी बोटं आपोआप बरगड्यांवरून फिरली. अस्सल पेरिस्फिंक्टिस, ओंजळभर मोठा. इतका स्वच्छ मी पुस्तकातही पाहिला नव्हता.

"कुठं मिळाला?"

"स्पितीच्या खोऱ्यात. मोर्चा, म्हंजी खंदक, खंदताना. गोल धोंडा हुता, कुदळ बसली आन् त्येचं दोन तुकडं झालं. आत ह्यो." तो हसला. "आमचं साहेब म्हनलं, हवालदार, ह्यो पंधरा कोटी वर्सांचा हाय, जपून न्या."

हे हवालदार यशवंत. पाटणकडच्या एका खेड्यातले, नुकतेच निवृत्त होऊन गावी आलेले. छप्पन्न साली त्यांच्या घराण्यानं धम्म घेतला होता. सांगलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या जोगसरांना त्यांनी दगड नेऊन दाखवला होता. सरांनी तो संग्रहालयासाठी मागितला. हवालदारांची तयारी होती. अट एकच, खाली चिठ्ठीवर 'शोधणारा' म्हणून आपलं नाव लागावं. पण घरात म्हातारी आई होती, आणि ती दगड द्यायला तयार नव्हती. तेव्हा तोड अशी निघाली की दगड आईकडे राहावा आणि कॉलेजला माझी नक्कल मिळावी.

"आईला एवढा आवडला?" मी विचारलं.

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "तिला दगडाचं काय न्हाई वो. गावच्या पुजाऱ्यानं ह्यो बघितला आन् म्हनला, चक्र हाय, शाळिग्राम हाय. झालं. कार्तिक सुरू झाला तसं वरल्या आळीच्या बायका आमच्या दारात यायला लागल्या. पानी घालत्यात, तुळस वाहत्यात. जल्मात कवा ज्या आमच्या सावलीला उभ्या ऱ्हायल्या न्हाईत, त्या. म्हातारी लय खूश हाय. आन् माज्या बानं घरातलं समदं देव आपल्या हातानं कोयनेत सोडलं हुतं. मी लडाख, स्पिती समदं फिरून घरात परत देवच आनला म्हना की."

मी त्यांना आधीच सांगितलं की साचा सरसाचा असतो आणि सरस म्हणजे काय. दगडाला तो लागणार. चालेल ना?

ते मोठ्यानं हसले. "आमास्नी? आमच्या आज्ज्याची हयात कातडी सोलन्यात गेली. लावा की सरस!"

मी साचा केला. आयुष्यात केलेल्या सगळ्या साच्यांत तो एक नंबरचा. तुरटीचं पाणी देऊन पक्का केला, आणि त्यातून पहिली नक्कल निघाली तेव्हा मालकसुद्धा भिंग घेऊन आले. मूळ दगड मी ऊन पाण्यानं दोनदा धुतला, पुसला आणि पुन्हा त्याच मफलरीत गुंडाळला. पाटणच्या एका शाळेचं सामान पोचवायचं होतंच, म्हणून म्हटलं, दगडही आपणच नेऊन देऊ. त्या निमित्तानं हवालदारांचं गाव बघून होईल.

एस. टी. उतरून चढ चढून गेलो तर हवालदारांच्या दारात सात-आठ बायका आधीच उभ्या. दगड आज येणार हे गावभर झालं होतं. सोनाबाई, म्हणजे हवालदारांची आई, ओट्यावर बसली होती. एवढीशी, वाळलेली, पण लुगडं ठेवणीतलं. तिनं दगडाची जागा ओट्याच्या अगदी कडेला केली होती. मला हळूच म्हणाली, "आत यायला सांगितलं तर न्हाई यायच्या. हितं ठिवलं म्हंजी अंगनातनं हात पोचतो."

ओट्यावर तिनं पाण्याचा हंडा भरून ठेवला होता, आणि वर उपडं घातलेलं लख्ख पितळी फुलपात्र. बायका मात्र दगडावर घालायचं पाणी आपापल्या घरून तांब्यात आणत. हंड्याला कुणी हात लावत नव्हतं. मी चढण चढून आलो होतो, घसा कोरडा पडला होता. फुलपात्र भरून घेतलं आणि घटाघटा प्यालो. सोनाबाई टक लावून बघत होती. आणखी एक दिलं. तेही प्यालो.

मी दगड ठेवला आणि बायका पुढे झाल्या. पाणी घातलं, तुळशीची पानं वाहिली, दगडावरून ओघळणारं पाणी तळहातावर घेऊन तीर्थ म्हणून प्याल्या, डोळ्यांना लावलं. हवालदार दाराच्या आत, बुद्धाच्या तसबिरीखाली, हाताची घडी घालून उभे होते. बायकांतली एक तरुण सून बाकीच्यांहून जास्त वेळ रेंगाळली. तिला मूल नव्हतं. सोनाबाई तिच्याशी बोलत होती, कंबर दुखते का, माहेरी कधी जाणार, असं काहीबाही. सून उत्तरं देत होती. दोन बायका दारात बोलतात तशाच त्या बोलत होत्या. सोनाबाईला जे हवं होतं ते एवढंच होतं, हे मला तिथं उभ्याउभ्या कळलं. दगड असता काय आणि नसता काय.

तेवढ्यात देवळाचे पंच आले. पुढे अण्णा, पांढरं धोतर, करड्या मिशा, बोलणं मऊ. म्हणाले, "हवालदार, एवढं मोठं दैवत असं उघड्यावर बरं दिसत न्हाई. तुळशीच्या लग्नाला देवळात नेऊ. पालखी काढू, लेझीम लावू. गावाचा देव गावात ऱ्हाईल."

सोनाबाईचा चेहरा उजळला. "मी बी येनार पालखीसंगट?"

"येशील की," अण्णा म्हणाले. "पायरीपतूर ये."

"आन् वर?"

अण्णा हसले. रागावले नाहीत, लाजलेही नाहीत. देवळं सगळ्यांना खुली करणारा कायदा कधीच झाला होता, पण तो पाटणपर्यंतच आला होता. "म्हातारे, पायरीपतूर काय कमी हाय व्हय?"

सोनाबाईनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. "चालंल की. पायरीपतूर चालंल."

मला वाटतं, अण्णांचं बोलणं हवालदारांनी सोसलं असतं. आईचं 'चालंल' त्यांना सोसलं नाही. ते दारातून बाहेर आले. आवाज कवायतीच्या मैदानावरचा.

"अण्णा, ह्यो देव न्हाई. जनावर हाय, समुद्रातलं. आन् तुमच्या देवळात तो चालायचा बी न्हाई. परवाच त्येला सरसात बुडवून काढलाय. हाडं-कातड्याच्या सरसात. ह्ये हुबं हाईत सरसवालं, इचारा त्यांस्नी."

सगळे माझ्याकडे वळले. अण्णांनी विचारलं, "व्हय का वो, पावनं?"

मी म्हणालो, "हो. पण धुतलाय." माझं 'धुतलाय' कुणी ऐकलंच नाही.

हवालदारांनी नेम पंचांवर धरला होता. पंचांना काही झालं नाही. अण्णांनी उपरणं झटकलं, "मग ऱ्हाऊ दे बाबा तुलाच," म्हणाले आणि वळले. पण अंगणात बायका होत्या, आणि त्यांच्या घशाखालून ते तीर्थ आत्ताच उतरलं होतं. ऐन कार्तिकात, ज्या महिन्यात त्या कांदासुद्धा खात नव्हत्या. एकीनं पदर तोंडाला लावला. एक अंगणाच्या कडेला जाऊन ओकाऱ्या काढू लागली. "हाडाचं पानी पाजलं आमास्नी!" कुणीतरी ओरडलं, आणि ते हवालदारांकडे बघून नाही, सोनाबाईकडे बघून. दोघी-तिघींनी तांबे तिथेच मातीनं घासले, आमच्या डोळ्यांदेखत, जोरजोरात.

ती सून शेवटपर्यंत उभी होती. तिनं विचारलं, "सोनाबाय, तुमाला ठावं हुतं?"

सोनाबाई नाही-नाही अशी मान हलवत होती. सुनेनं तांब्यातलं उरलेलं पाणी ओतून दिलं आणि ती गेली.

अंगण रिकामं झालं. हवालदार अजून सावधानमध्येच उभे. ते आईला म्हणाले, "आये, पायरीपतूर जायाला आपुन काय भिकारी हाय का?"

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. रडली नाही. म्हणाली, "तू पंचांवर धोंडा मारलास रं, पर लागला बायकांला. आन् त्या माज्या हुत्या."

हवालदारांचं म्हणणं खोटं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पायरीपर्यंतच बोलावणाऱ्या देवळात आपल्या हातानं देव नेऊन द्यायचा, आणि बापानं नदीत सोडलेलं पुन्हा खांद्यावर घ्यायचं, हे त्यांनी का करावं? त्यांच्या जागी मी असतो तर एवढीही हिंमत झाली नसती. पण म्हातारीचं दारही खोटं नव्हतं. सत्तर वर्षं जे दार लोक टाळून जात होते, तिथं काही दिवस बायका थांबल्या, बोलल्या. कशासाठी थांबल्या हे तिला चांगलं कळत होतं. तरी तिला ते हवं होतं. माणसानं काय हवंसं वाटून घ्यावं, हे दुसऱ्यानं कसं ठरवायचं? साचा करताना मी दगडाला काय लागेल याचा विचार केला, खाचेत तेल पुरेसं गेलं का याचा केला. दगडावरचं पाणी कुणाच्या ओंजळीत जाईल हे माझ्या धंद्यात बसत नव्हतं.

पुढं बातमी कळली ती जोगसरांकडून. दारात कुणी येईना, तेव्हा म्हातारीनंच मुलाला सांगितलं, "ने ह्येला कुठं न्यायाचा तितं." तिला तो डोळ्यांसमोर नको झाला होता. सरांनी माझी नक्कल काढून तिथं अस्सल दगड ठेवला. त्याच साच्यातून निघालेल्या बाकीच्या नकला कुठल्या कुठल्या कॉलेजांत गेल्या. सरस फार टिकत नाही. प्लॅस्टर तापतं, आणि प्रत्येक खेपेला बरगड्या थोड्या थोड्या बुजत जातात. शेवटी साचा वितळवून टाकावा लागतो. तो वितळवताना मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला सरांचा निरोप आला. हवालदार आईला घेऊन संग्रहालय बघायला येणार होते. मलाही बोलावलं होतं. मी सायकल काढली आणि कुपवाडहून गेलो.

संग्रहालय म्हणजे प्रयोगशाळेच्या मागची एक लांबट खोली. शिपायानं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, धूळ झटकली. काचेच्या कपाटात मधल्या फळीवर दगड होता. खाली जोगसरांच्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी. हवालदारांनी ती मोठ्यानं वाचली. आधी जनावराचं नाव, अडखळत. मग ठिकाण. मग 'शोधणारा', आणि त्यापुढे आपलं, बापाचं, आडनावासकट पूर्ण नाव. ते नाव त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. आपल्या घराण्याचं नाव काचेआड लिहिलेलं त्यांनी प्रथमच पाहिलं असणार. त्या वेळी मला त्यांचा खरोखर अभिमान वाटला, आणि माझ्या धंद्याचाही थोडा.

सरांनी सोनाबाईला खुर्ची दिली. ती बसली नाही. कपाटाच्या अगदी जवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली. मग खोलीत चहूकडे नजर फिरवली. फळ्या, दगड, चिठ्ठ्या, रिकामी बाकं. शिपायाला तिनं विचारलं, "हितं कोन येतं का रं बगायला?"

"परीक्षा आली की पोरं येत्यात, आज्जी," शिपाई म्हणाला. "एरवी बंदच असतंय."

सोनाबाईनं मान हलवली. मुलाच्या बाहीवर हात ठेवला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुजं नाव लागलं, लय बरं झालं बग." मग काचेकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही अशी, "माज्याकडं रोज येत हुत्या."

शिपाई दारात किल्ली घेऊन उभा होता.